भोंगेकाकांची दुसरी फेरी

भोंगेकाकांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यावर कुठे लाउडस्पीकरची खरखर सुरू झाली की काकू शिलाई मशीनचं चाक हाताने धरून थांबवतात आणि कान देतात. मग कुणीतरी नवशिका गाद्यांचा सेल लागल्याचं किंचाळून सांगू लागतो. "श्वास कुठे घ्यायचा ते तरी शिकवा रे याला," असं पुटपुटत काकू पुन्हा पाय चालवू लागतात.

काकांचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांना दुसरा कुठला आवडणं अवघडच. भरदार, सावकाश, प्रत्येक शब्द धुऊन पुसून समोर ठेवल्यासारखा. गंमत अशी, की हा माणूस घरात जवळजवळ मुका होता. भाजीत मीठ नाही हेसुद्धा ते सांगत नसत, मिठाची बरणी गुपचूप आपल्याकडे ओढून घेत. लग्न ठरवायला आले तेव्हाही सगळं बोलणं त्यांच्या थोरल्या बहिणीने केलं होतं. काका खुर्चीत बसून घरातल्या बंद पडलेल्या पंख्याकडे बघत होते आणि निघायच्या आधी तो दुरुस्त करून गेले. काकूंच्या वडिलांनी तिथेच होकार दिला.

पण हातात माईक आणि समोर लिहिलेला कागद आला, की तोच माणूस दुसरा व्हायचा. पुढच्या खोलीत काकूंची मशीन, मागच्या खोलीत काकांचे भोंगे, ॲम्प्लिफायर, तारांची वेटोळी आणि बॅटरीचा तो आंबूस वास. दारात डब्यासारखी जुनी गाडी, टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड करून, एक मागे. शाळेचे समारंभ, लसीकरण, हरवलेली मुलं, पाणी बंद, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता, सगळं त्या भोंग्यातून कळायचं. बुटांच्या दुकानाची जाहिरातसुद्धा काका अशी वाचत, की ऐकणाऱ्याला वाटावं अनवाणी चालणं हे पाप आहे. एकदा त्यांनी पाणी येणार नाही असं पुकारलं आणि नगरपालिकेच्या घोळामुळे पाणी आलं. अर्ध्या वस्तीने नळच उघडले नाहीत. काकांनी नाही म्हटलंय ना, मग येईलच कसं, असा सरळ हिशेब.

लोकांचा हा विश्वास काही बुटांच्या जाहिरातीतून आलेला नव्हता. दर रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ काकाच वाचत. तरुणपणी एका म्हाताऱ्या पाळकांनी त्यांना वाचायला उभं केलं, त्यांनीच एक नियम घालून दिला होता. वाचणाऱ्याने शब्द बदलायचा नाही, गाळायचा नाही, आपलं शहाणपण त्यात घालायचं नाही. तुझ्यापेक्षा मोठ्याचं बोलणं आहे ते, तू फक्त नळ, पाणी वरून येतं. काकांनी हा नियम इतका मनावर घेतला की तो चर्चमधून निघून थेट गाडीत जाऊन बसला. कागद कुणाचाही असो, आला तसा वाचायचा. त्यात काय लिहिलंय याचा न्याय आपण करायचा नाही. काकूंना यात काही वावगं वाटलं नाही. उलट नवरा पदरचं एक अक्षर घालत नाही याचं कौतुकच वाटायचं, हे त्या आजही मान्य करतात.

आता साहेबांबद्दल सांगायला हवं.

साहेब तेव्हा कुणी मोठे नव्हते, वॉर्डातले एक धडपडे कार्यकर्ते होते. रस्ता रुंद करायचं निघालं आणि आखणीत नेमकं चर्च आलं. पाडायची मशीन येऊन उभी राहिली, मंडळी हात जोडून उभी राहिली, आणि साहेब, जे आपल्या चर्चचेसुद्धा नव्हते, ते सरळ पायऱ्यांवर येऊन बसले. आधी माझ्यावरून जा म्हणाले. दिवसभर उन्हात बसले. रस्त्याची आखणी बदलली, चर्च वाचलं. काकू आजही सांगतात की उपकार खरा होता, त्यात खोट काढायची नाही.

चूक पुढे झाली. आभार मानायचे देवाचे, ते हळूहळू साहेबांचे होऊ लागले. काकांनी साहेबांचा फोटो आणला आणि पुढच्या खोलीत क्रूसाशेजारी लावला. दोरी धरून, मोजूनमापून तो क्रूसापेक्षा जरा खाली घेतला, मान राखायला नको का. काकू मशीनवरून बघत होत्या. "खाली घेतलात ते ठीक," त्या म्हणाल्या, "पण खिळा मात्र मोठा ठोकलात." काका हसले आणि हातोडी जागेवर ठेवायला गेले.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत गाडी साहेबांची. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात, काका तर पोळी न खाताच टाळ्या वाजवत होते. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला प्यायचे. साहेबांनी पक्ष बदलला, काकांनी गाडीवरचा झेंडा बदलला. शाळेच्या मैदानावर दुकानं उभी राहिली, काका म्हणाले त्यात काहीतरी विचार असेल. दुसऱ्या पक्षाच्या माणसाने एवढंसं केलं असतं तर हेच काका जेवणावरून उठून गेले असते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, याला चांगली माणसंही अपवाद नसतात. किंबहुना चांगल्या माणसांना ते जास्त शोभून दिसतं, म्हणून कुणी टोकत नाही.

आणि मग त्या साली साहेबांच्या विरोधात सिस्टर उभी राहिली.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. आईला घेऊन दोन खोल्यांत राहायची, रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, कारण रात्रपाळीवरून थेट आलेली असायची आणि प्रवचनात डोळा लागला तर पुढच्यांना दिसू नये अशी तिची इच्छा. दवाखान्यात औषधं नसतात म्हणून अर्ज करून थकली आणि शेवटी निवडणुकीला उभी राहिली. तिच्याकडे गाडी नव्हती, भोंगा नव्हता. पायी फिरायची. लोक तिला दारात बसवून घेत, पाणी देत. साहेबांच्या कचेरीत काळजी सुरू झाली ती या पाण्यामुळे.

कचेरीतून एक कागद आला. काकांनी नेहमीसारखा आधी मनात वाचला, श्वासाच्या जागी पेन्सिलने खुणा केल्या आणि गाडी काढली. काकू त्या वेळी मशीनवर दवाखान्याच्याच चादरींना शिवण घालत होत्या. आवाज कोपऱ्यावरून आला. बंधूंनो आणि भगिनींनो, ज्या हातांनी रुग्णांची औषधं चोरली त्या हातांत तुम्ही कारभार देणार का. पुढे सिस्टरचं नाव, दवाखान्याचं नाव, सगळं स्वच्छ, सावकाश, जागच्या जागी श्वास घेऊन. काकूंच्या हातून चादर तिरकी शिवली गेली. तो कागद काकांनी गावभर वाचला, चौकाचौकात, पुढच्या भोंग्याने आणि मागच्याही.

दोन दिवसांनी काकू चादरी द्यायला दवाखान्यात गेल्या. वॉर्डात सिस्टर गोळ्या वाटत होती. एका म्हातारीने हातावरची गोळी उलटीपालटी करून पाहिली आणि सुनेला दाखवली. सुनेने सिस्टरच्या खिशांकडे पाहिलं. सिस्टरने दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले आणि पुढच्या खाटेकडे गेली. ते तिला आता सवयीचं झाल्यासारखं दिसत होतं. काकू चादरींचा गठ्ठा घेऊन मेट्रनकडे गेल्या.

मेट्रनने त्यांना बाजूला घेतलं. "चोरी झाली होती, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण ती पकडून दिली कुणी? हिनेच. औषधं गेली स्टोअरकीपरच्या हातून. आणि तो कुणाचा भाचा, ते मी सांगायला नको."

काकू घरी आल्या त्या तापलेल्याच. काका ॲम्प्लिफायर उघडून बसले होते. काकूंनी सगळं सांगितलं, म्हातारीची गोळी, बाहेर ओढलेले खिसे, साहेबांचा भाचा. काका म्हणाले, "साहेबांकडून कागद आला होता गं. मी फक्त वाचला."

"वाचलात ना? मग झालं. चोर कोण ठरलं, कागद का ती?"

"वाचणारा नळ असतो."

"आणि नळाला गटाराचं पाणी आलं तर?" काकू म्हणाल्या. "तर मग बंद करायचा असतो ना तो? का रविवारी पवित्र येतं म्हणून रोजचं पाणीही पवित्र?"

काकांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा चेहरा असा उतरलेला काकूंनी पाहिला नव्हता. बोलल्याचं त्यांना वाईटही वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून शब्द मागे घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

काका साहेबांकडे जायला निघाले. काकूही गेल्या, कारण हा माणूस तिथे बसून पंख्याकडे बघत राहील याची त्यांना खात्री होती. साहेबांनी उठून स्वागत केलं, खुर्च्या मागवल्या. काकांनी कसंबसं विचारलं, कागदातलं ते खरं होतं का.

साहेब मोठ्याने हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, आणि तेच काकूंना जास्त लागलं. "अहो काका, निवडणूक आहे ही. मतदान झालं की कोण लक्षात ठेवतंय? बाईची नोकरी काही जाणार नाही, मी बघतो ना." मग त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं सांगू? दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर लोक हसले असते. तुम्ही वाचलंत म्हणून मानलं."

साहेबांनी ते कौतुक म्हणूनच सांगितलं होतं. काका उठले आणि चहा न घेता बाहेर पडले. वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. काकू शेजारी बसल्या. "रविवारचा आवाज विकला मी," काका म्हणाले. "आणि तो फुकट." काकूंनी त्यांचा हात धरला. भर रस्त्यात असा हात त्यांनी कधी धरला नव्हता.

त्याच संध्याकाळी काका सिस्टरच्या घरी गेले. काकूंनीच सुचवलं होतं, की चार भिंतींच्या आत माफी मागा, ती चांगली पोरगी आहे, समजून घेईल. काकूंना भीती वेगळ्याच गोष्टीची होती. साहेब दुखावले तर भोंग्याची परवानगी जाईल, धंदा जाईल, हे त्यांना दिसत होतं. सिस्टरने दार उघडलं. तिची आई आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकांनी दारातच हात जोडले आणि म्हणाले, "चुकलो."

सिस्टरने ऐकून घेतलं. ती चिडली नाही. "काका, घरात मी चोर नव्हतेच," ती म्हणाली. "आई मला ओळखते. तुम्ही मला चोर म्हणालात ते चौकात. इथे येऊन काय उपयोग?"

एवढंच बोलून तिने दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन पाळकांकडे गेले, आता चौकात माफी मागणार हे सांगायला. हे पाळक तरुण होते, भले होते आणि जरा घाबरट होते. तिथे चर्चच्या पंचमंडळींपैकी दोघं आधीच बसले होते, बातमी पोचलेली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांमुळे चर्च उभं आहे, उद्या तेच फिरले तर पायऱ्यांवर कोण येऊन बसणार? पाळक म्हणाले, "तुम्ही देवासमोर कबूल केलंत ना, काका? देव क्षमा करतो. आपण प्रार्थना करू."

"देवाला मी चोर म्हटलं नव्हतं," काका म्हणाले. "बाईला म्हटलं होतं."

पाळकांनी मान खाली घातली. पंचांपैकी एकजण म्हणाला, "मग चर्चचं काय व्हायचं?"  उत्तर काकूंनी दिलं, आणि देताना त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, कारण घरून येताना त्या नवऱ्याला आवरायच्या बेतात होत्या. "भिंती राखायला शेजारणीला चोर ठरवायचं असेल," त्या म्हणाल्या, "तर आत बसून आपण वाचायचं तरी काय?" मग पाळकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही प्रार्थना जरूर करा. आम्ही तोवर गाडीत पेट्रोल भरतो."

प्रचाराचा तो शेवटचा दिवस होता. काकांनी गाडीवरचा झेंडा काढला, घडी करून मागच्या खोलीत ठेवला. फाडला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. काकू मशीनवर कापड झाकून गाडीत त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. आतून ती इतकी खडखडते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पहिल्या चौकात काकांनी गाडी थांबवली, माईक तोंडाशी धरला आणि त्यांच्या तोंडून काही निघेना. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. दोन-चार माणसं वळून बघू लागली. काकांनी माईक हाताने झाकला आणि काकूंना म्हणाले, "लिहून दे ना काहीतरी."

काकूंच्या लक्षात आलं ते तेव्हा. या माणसाने जन्मभर माईकवर दुसऱ्याचंच वाचलं होतं. स्वतःचं एक वाक्य कधी बोलला नव्हता. तिथे नाही आणि घरीही नाही. त्यांच्या पिशवीत पेन्सिल होती, चिठोरं होतं. लिहून देणं सोपं होतं.

"नाही देणार," त्या म्हणाल्या. "कागदानेच इथवर आणलंय. बोला. मोडकंतोडकं बोला."

मग काका बोलले. काय तो आवाज. कापरा, तुटक, मध्येच थांबणारा, श्वास नको तिथे घेणारा. मी, म्हणजे, परवा जे बोललो. दवाखान्यातल्या सिस्टरचं. ते खोटं आहे. तिने चोरी केली नाही. तिने पकडून दिली. मी विचारलं नाही कुणाला. मी विचारायला पाहिजे होतं. इतकंच. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं आणि शेजाऱ्याला विचारलं, "हा कोण बोलतोय?"

काकूंना ते ऐकू आलं. खोटं सांगितलं तेव्हा आख्ख्या गावाने आवाज ओळखला होता. खरं सांगताना कुणी ओळखेना. काकांनीही ते ऐकलं असावं, कारण पुढच्या चौकापासून ते सुरुवातच तशी करू लागले. मी भोंगेकाका बोलतोय. शास्त्रपाठ वाचतो तोच. परवा मी खोटं बोललो.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो, उगाच कुणाला आशेवर ठेवायला नको. साहेबच निवडून आले. पुष्कळांनी काकांना सांगितलं, अहो, आम्हाला माहीतच होतं, निवडणुकीत असं बोलतातच, तुम्ही कशाला मनाला लावून घेतलंत. काकूंना या लोकांचा जितका राग आला तितका साहेबांचाही आला नाही. भोंग्याची परवानगी पुढच्या महिन्यात अडकली ती अडकलीच. गाडी गेली. काका पंखे आणि रेडिओ दुरुस्त करत बसायचे आणि घर काकूंच्या मशीनवर चालायचं. चर्चच्या पायऱ्यांकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही, ते भय फुकटचंच होतं. पाळकांनी वाचनाला पुन्हा बोलावलं, पण काका वर्षभर गेले नाहीत. गेले तेव्हा आवाज भरदारच होता, पण वाचण्याआधी ते जरा थांबू लागले. समोरच्यांना वाटायचं चष्मा पुसतायत. काकूंना ठाऊक होतं की ते आता वाचण्याआधी विचार करतात.

आणि घरात ते बोलू लागले. आज भाजीत मीठ नाहीये, हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा काकू हातातलं काम टाकून बघतच राहिल्या. त्या वर्षांची आठवण काकूंना सगळ्यात गोड वाटते. धंदा नव्हता, गाडी नव्हती, साहेबांच्या फोटोच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला होता, आणि संध्याकाळी दोघं दारात बसून गप्पा मारायचे. उशिरा का होईना, नवरा मिळाला, असं त्या हसून म्हणतात आणि मग डोळे पुसतात.

पण काकूंना विचारलं की त्या दुसऱ्या फेरीच्या दिवसातलं काय लक्षात आहे, तर त्या सांगतात सिस्टरच्या गल्लीचं.

ऊन कलत आलं होतं. काकांचा घसा बसला होता, थर्मास केव्हाच रिकामा झाला होता. सिस्टरच्या दारासमोर त्यांनी गाडी थांबवली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, आता तर घोगऱ्या आवाजात. खिडकीत तिची आई दिसली. ती उठून बसली होती. गल्लीतली दारं उघडली, बायका बाहेर आल्या. काकांचं बोलणं संपलं आणि ते माईक मांडीवर ठेवून खाली बघत बसले.

सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या आणि भांडं होतं. तिने भांडं भरून गाडीच्या खिडकीतून आत दिलं. काका हात पुढे करेनात. काकूंनी कोपर मारलं तेव्हा त्यांनी ते घेतलं. ते घोट घोट पीत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिस्टर ते संपेपर्यंत तिथेच उभी राहिली, मग तिने भांडं पुन्हा भरलं.

"प्या अजून," ती म्हणाली. "स्टेशनाकडच्या गल्ल्या राहिल्यात. तिकडेही ऐकू गेलं होतं."

काकांनी दुसरं भांडं संपवलं, तोंड पुसलं आणि गाडी स्टेशनाच्या दिशेने वळवली.